चालत्या घराचा विमा

तुळिंज हे आज नालासोपारा पूर्वेचे गजबजलेले उपनगर आहे. रेल्वेमार्गाच्या पलीकडे, पश्चिमेला, प्राचीन शूर्पारक नगराच्या खुणा आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच परिसरात हाती लागला. बंदरात उतरलेला माल घाटावर नेण्यासाठी त्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे निघत. अशा तांड्याला संस्कृतात ‘सार्थ’ आणि त्याच्या नायकाला ‘सार्थवाह’ म्हणत. अनेक व्यापारी एकत्र निघाले की वाटेतली जोखीमही सर्वांत वाटली जाई. विमापत्र नव्हते; पण विम्यामागचा विचार होता.

त्याच भूमीतील व्यापारी कुटुंबांत आता वेगळ्या प्रकारच्या ‘कारवाँ’ची चर्चा ऐकू येते. झोपण्याची सोय, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि प्रसाधनगृह असलेले चाकांवरचे घर म्हणजे कॅराव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले. जैन कुटुंबांना या वाहनाचे आकर्षण वाटण्याचे कारण केवळ हौस नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, कंदमूळ वर्ज्य असलेला स्वयंपाक, गाळलेले व उकळलेले पाणी आणि सोबतच्या वृद्धांची सोय ही सारी व्यवस्था प्रवासात स्वतःच्या हाती राहते. तुळिंजहून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागले की शंखेश्वर, पालिताणा यांची वाट सरळ गुजरातकडे जाते.

मात्र अशा वाहनाची खरेदी ठरताना रंग, गाद्या आणि वातानुकूलन यांवर जितकी चर्चा होते, तितकी विम्यावर होत नाही. ‘हप्ता किती?’ एवढाच प्रश्न विचारला जातो आणि जो एजंट सर्वांत कमी आकडा सांगतो त्याच्याकडून पॉलिसी घेतली जाते. वास्तविक हप्त्याआधी चार प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. कागदावर हे वाहन कोणते आहे, कोणाचे आहे, कशासाठी वापरले जाणार आहे आणि त्यात काय बसवले आहे? ही चार उत्तरे विमापत्रात आणि प्रत्यक्षात सारखी असतील, तरच विमा विमा राहतो. त्यांत तफावत असेल तर नियमित भरलेला हप्ताही संकटाच्या दिवशी अपुरा पडतो.

कागदावरचे वाहन

मोटार वाहन कायद्याखाली वाहनांचे परिवहन आणि बिगर-परिवहन असे दोन वर्ग आहेत. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेतील यादीत कॅम्पर व्हॅन दोन्हीकडे आढळते. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-परिवहन वर्गात आहे, तर अन्य कॅम्पर व्हॅन परिवहन वर्गात. म्हणजे दिसायला एकसारखी असलेली दोन वाहने कायद्याच्या दृष्टीने भिन्न असू शकतात. परिवहन वर्गातील वाहनाला फिटनेस प्रमाणपत्र आणि परमिट यांची शिस्त पाळावी लागते. त्यांची मुदत संपली असता अपघात झाला तर दाव्यात वाद निर्माण होतो. म्हणून एमएच ४८ क्रमांकाची पाटी लागण्यापूर्वी आरसीवर वाहनाचा वर्ग आणि शरीररचना काय नोंदली आहे, हे शब्दशः वाचावे.

याहून नाजूक प्रश्न बदल केलेल्या वाहनांचा आहे. प्रवासी व्हॅन किंवा मालवाहू टेम्पो विकत घ्यायचा आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये त्याचे ‘घर’ करून घ्यायचे, हा स्वस्त मार्ग अनेकांना मोहात पाडतो. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम काटेकोरपणे लागू केले. कॅराव्हॅनच्या मान्यतेसाठी ‘एआयएस १२४’ हे स्वतंत्र मानक आहे. वाहन या मानकानुसार प्रमाणित निर्मात्याकडून आले असेल आणि आरसीवर तशीच नोंद असेल, तर विमा कंपनीसमोर मालकाची बाजू भक्कम राहते. आरसीवर मालवाहू टेम्पो आणि आत सहा माणसांचे बिछाने, अशी स्थिती असेल तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न अपघाताचा नसतो, वाहनाच्या ओळखीचा असतो.

वाहनामागे जोडायचा ट्रेलर घेतला असेल, तर त्याचाही उल्लेख विमापत्रात हवा. पुढच्या गाडीचा विमा आहे म्हणून मागचे घर आपोआप सुरक्षित झाले, असे गृहीत धरू नये.

थर्ड पार्टी आणि पॅकेज

वाहन विम्याचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा. कायद्याच्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. तो नसताना वाहन चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. पुन्हा तोच अपराध झाल्यास दंड चार हजार रुपये होतो. रस्त्यावरील अन्य व्यक्ती जखमी किंवा मृत झाल्यास भरपाईला रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा मात्र मोटारीसाठी साडेसात लाख रुपये आहे. ही मर्यादा सहा हजारांवर आणून हप्त्यात थोडी बचत करण्याची मुभा पॉलिसीत असते. कॅराव्हॅनसारखे जड वाहन एखाद्या दुकानाच्या दर्शनी काचेत शिरले तर सहा हजारांत काय भरून येणार, याचा हिशेब व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला पॅकेज किंवा व्यवहारात ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात. कौटुंबिक प्रवासाच्या दृष्टीने येथे एक भेद फार महत्त्वाचा आहे. खाजगी वाहनाचा केवळ सक्तीचा विमा असेल, तर त्याच वाहनात बसलेले आप्त त्यात येत नाहीत. तो विमा बाहेरच्यांसाठी असतो. पॅकेज पॉलिसीत वाहनातील सहप्रवाशांची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. आई-वडील, सुना आणि नातवंडे घेऊन निघणाऱ्या कुटुंबाने केवळ थर्ड पार्टी विम्यावर समाधान मानणे म्हणजे रस्त्यावरच्या परक्याची काळजी घेऊन घरच्यांना उघड्यावर ठेवणे होय. भाड्याने चालणाऱ्या प्रवासी वाहनाचे नियम वेगळे आहेत. येथे विचार खाजगी वाहनाचा आहे.

याखेरीज सोबत येणाऱ्यांसाठी काही लहान जोडण्या असतात. अनामित प्रवाशांसाठी प्रत्येकी दोन लाख रुपयांपर्यंतचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेता येते. पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी नाममात्र रकमेत जोडता येते. स्वयंपाकी किंवा मदतनीस सोबत नेत असल्यास नोकरांच्या जबाबदारीची जोडणीही आवर्जून विचारावी. यात्रेत सर्वांत आधी उठणारा आणि सर्वांत शेवटी झोपणारा माणूस तोच असतो. विम्याच्या यादीत मात्र त्याचे नाव बहुधा राहून जाते.

चालकाच्या परवान्याबाबत दीर्घकाळ संभ्रम होता. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निश्चित केले. मध्यम आकाराच्या कॅराव्हॅनच्या मालकांना हा दिलासा आहे. पण बसच्या सांगाड्यावर बांधलेले मोठे घर या वजनाबाहेर जाऊ शकते. तेव्हा आरसीवरील वजन आणि चालकाचा परवाना हे दोन्ही एकत्र तपासावेत.

चाकांवर बसवलेले घर

वाहन विम्यात ‘आयडीव्ही’, म्हणजे घोषित विमामूल्य, हा मध्यवर्ती आकडा आहे. वाहन चोरीला गेले किंवा पूर्ण नष्ट झाले तर कंपनी याच रकमेपर्यंत भरपाई देते. निर्मात्याच्या विक्री-किमतीतून वयानुसार घसारा वजा करून तो ठरतो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के, असा हा क्रम आहे. पाच वर्षांनंतर मूल्य परस्पर संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर वाहन पूर्ण नुकसान झाल्याचे धरले जाते.

कॅराव्हॅनच्या बाबतीत गोम येथेच आहे. समजा, मूळ वाहन १८ लाखांचे आहे आणि मान्यताप्राप्त कारखान्यात त्यावर १२ लाखांचे काम झाले. पॉलिसी काढताना केवळ मूळ वाहनाचे बिल दिले गेले, तर नव्या वाहनाची आयडीव्ही ५ टक्के घसारा जाऊन १७ लाख १० हजार रुपये निघेल. त्याच महिन्यात आगीत सर्व भस्म झाले, तर १२ लाखांचे घर विमापत्राच्या लेखी कधी अस्तित्वातच नव्हते. फ्रिज, वातानुकूलन यंत्र, सौर पॅनेल, जादा बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर ही विद्युत उपकरणे स्वतंत्रपणे घोषित करावी लागतात. जुन्या दरपत्रकात त्यांसाठी मूल्याच्या ४ टक्के जादा हप्ता होता. आता कंपन्यांना दराचे स्वातंत्र्य असले, तरी खर्चाचा अंदाज बांधण्यास हा आकडा उपयोगी पडतो. पाच लाखांची उपकरणे असतील तर वर्षाला सुमारे वीस हजार रुपये. पलंग, कपाटे, ओटा, टाक्या यांचे मूल्यही वेगळे लिहून विमामूल्यात धरून घ्यावे. प्रत्येक वस्तूचे जीएसटी बिल आणि बसवल्यानंतरची छायाचित्रे जपून ठेवावीत.

अंशतः नुकसानीतही घसारा पाठ सोडत नाही. प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्या बदलीवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के कपात होते. काचेवर कपात नसते. कॅराव्हॅनच्या आतील बराच भाग प्लॅस्टिक आणि फायबरचा असतो, त्यामुळे येथे खिशावर पडणारा भार साध्या मोटारीपेक्षा अधिक राहतो. ‘झीरो डेप’ नावाची जोडणी मिळत असेल तर ती या कारणाने विचारात घ्यावी. मात्र ती आपल्या वर्गातील वाहनाला आणि आत बसवलेल्या साहित्याला लागू आहे का, हे लेखी विचारावे.

प्रवाशांचे कपडे, भांडी, रोख रक्कम आणि दागिने वाहन विम्यात येत नाहीत. आयडीव्ही वाढवली म्हणून तेही सुरक्षित झाले, असा समज चुकीचा आहे. त्यांसाठी वेगळे सामान-विमापत्र किंवा घराच्या विम्यातील योग्य जोडणी पाहावी लागते. आणि मौल्यवान दागिने तर घरीच किंवा बँकेच्या लॉकरमध्ये राहिलेले बरे.

स्वयंपाकाच्या गॅसविषयी विशेष सावधगिरी हवी. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या खाजगी रेल्वे-डब्याला आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. डब्यात नियमबाह्यपणे आणलेला गॅस सिलिंडर त्याचे कारण ठरला. तो रेल्वेचा डबा होता, पण बंद जागा, झोपलेले प्रवासी आणि पहाटेचा चहा ही परिस्थिती कॅराव्हॅनलाही तंतोतंत लागू पडते. आग ही पॅकेज पॉलिसीत समाविष्ट जोखीम आहे. तरीही वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेणे ही त्याच पॉलिसीची अट आहे. घरगुती सिलिंडर दोरीने बांधून नेणाऱ्याला ही अट पाळली असे म्हणता येणार नाही. निर्मात्याने प्रमाणित केलेली व्यवस्था किंवा विजेची शेगडी हाच योग्य पर्याय आहे.

वापराची मर्यादा

खाजगी वाहनाच्या विमापत्रात ‘वापराच्या मर्यादा’ असा लहान अक्षरांतील परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदल्याने वापर, नमुने आणि प्रवाशांचे स्वतःचे सामान वगळता मालाची वाहतूक, शर्यती आणि वाहन-व्यवसायाशी संबंधित वापर हे त्यात वगळलेले असतात. व्यापारी कुटुंबाचा पाय बहुधा याच परिच्छेदात अडकतो.

पहिला प्रसंग असा. यात्रेहून परतताना सुरतेत मुक्काम होतो आणि रिकाम्या जागेत साड्यांचे चार गठ्ठे चढवले जातात. भाडे वाचते, शिवाय माल दुसऱ्याच दिवशी दुकानात पोहोचतो. पण दुकानात विकायचा माल हे प्रवाशाचे सामान नव्हे. वाटेत अपघात झाला तर सर्व्हेअरच्या अहवालात गठ्ठ्यांची नोंद होते आणि खाजगी वापराचा दावा दुबळा पडतो. मालाचा स्वतंत्र विमा नसेल तर तोही गेला.

दुसरा प्रसंग अधिक सोज्वळ दिसतो. वाहन वर्षाचे अनेक महिने उभेच असते. मग व्याही मागतात, मित्र मागतात आणि हळूहळू ‘डिझेल व देखभाल’ म्हणून प्रतिकिलोमीटर दर ठरतो. एकत्र प्रवासाचा खर्च वाटून घेणे ही एक गोष्ट आणि दर ठरवून वाहन देणे ही दुसरी. दर ठरला की ते भाडे झाले. भाड्यानेच द्यायचे असेल तर वाहन परिवहन वर्गात नोंदवून, परमिट आणि त्यानुसार विमा घेऊन उघडपणे द्यावे. तो हप्ता जास्त असतो, पण तो खऱ्या व्यवहाराचा हप्ता असतो.

अशा अटीभंगानंतर सर्व काही बुडतेच असे नाही. खाजगी वाहन भाड्याने वापरल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दावा सरसकट नाकारणे अयोग्य ठरवले. अशा दाव्यात ग्राह्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीने देता येते, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले. परंतु हा दिलासा वर्षानुवर्षांच्या भांडणानंतर मिळालेला होता. शिवाय बाहेरच्या व्यक्तीला नुकसानभरपाई दिल्यावर, अटीभंगाच्या कारणाने ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये विमा कंपनीला देऊ शकतात. मृताचे वय व उत्पन्न पाहून ठरणारी ही भरपाई दुकानाच्या वर्षभराच्या नफ्याला गिळू शकते. चार गठ्ठ्यांच्या वाचलेल्या भाड्याशी तिची तुलना करून पाहावी.

चातुर्मासातील चार महिने

विमा घेताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर महामार्ग असतो. तुळिंजमध्ये मात्र उभ्या वाहनाचा धोका तितकाच मोठा आहे. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगरावरील यात्रा चातुर्मासात बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. साहजिकच कुटुंबांचे प्रवासही तेव्हा सुरू होतात. म्हणजे नेमक्या पावसाळ्यात कॅराव्हॅन जागीच उभी राहते. सोसायटीच्या आवारात तिची उंची व लांबी मावत नाही, म्हणून ती रस्त्याकडेला किंवा मोकळ्या भूखंडावर ठेवली जाते.

तुळिंज आणि आचोळे रस्त्यांवर साचणारे पाणी रहिवाशांना नवे नाही. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रेल्वेमार्ग पाण्याखाली जाऊन लोकल सेवा ठप्प झाली होती आणि वसईच्या मिठागरांत अडकलेल्या लोकांना बाहेर काढावे लागले होते. पूर ही पॅकेज पॉलिसीत समाविष्ट जोखीम आहे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ती नाही. ‘पावसात गाडी बाहेर काढायचीच नाही, मग पूर्ण विमा दिवाळीनंतर करू’ असा विचार करणारा मालक नेमके धोक्याचे चार महिने स्वतःच्या अंगावर घेतो. शिवाय विमा संपल्यानंतर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर वर्षानुवर्षे जमलेला ‘नो क्लेम बोनस’ही जातो. ही सवलत पाच निर्दोष वर्षांत २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढत जाते. तेव्हा नूतनीकरणाची तारीख यात्रेच्या नव्हे, पावसाच्या आधीची असावी.

पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनाबाबत एक नियम घरातील प्रत्येकाला, विशेषतः चालकाला, पाठ असावा: पाणी ओसरले तरी इंजिन सुरू करायचे नाही. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. सुरू करण्याच्या प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. कंपनीचे म्हणणे असे असते की नुकसान पुराने नव्हे, पुरानंतरच्या कृतीने झाले. म्हणून ते ‘परिणामी नुकसान’ ठरते आणि वगळले जाते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयानंतर या मुद्द्यावर अनेक मालकांना झगडावे लागले. यावर ‘इंजिन प्रोटेक्शन’ ही जोडणी मिळते. परंतु ती प्रत्येक वयाच्या आणि वर्गाच्या वाहनाला मिळतेच असे नाही. वाहन न हलवता छायाचित्रे घ्यावीत, कंपनीला कळवावे आणि ओढूनच कार्यशाळेत न्यावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात उंचावरील जागा भाड्याने घेणे हा तर कोणत्याही जोडणीपेक्षा चांगला विमा आहे.

फर्म, बँक आणि वारस

वाहन फर्मच्या नावावर घ्यावे की व्यक्तीच्या, हा प्रश्न बहुधा कर सल्लागाराच्या टेबलावर सुटतो. विम्याच्या अंगाने त्याचे परिणाम वेगळे आहेत. मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण परवानाधारक व्यक्ती-मालकाला मिळते. भागीदारी संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावरील वाहनाला ते लागू होत नाही. तेव्हा फर्मच्या वाहनातून जाणाऱ्या भागीदाराने स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यायला हवा. वस्तू व सेवा कराची वजावट मिळेल या आशेने फर्मचे नाव पुढे केले जात असेल, तर चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनांवर ती सामान्यतः मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

वाहन कर्जाऊ असेल तर विमापत्रावर बँकेचे नाव चढते आणि पूर्ण नुकसानीची रक्कम प्रथम कर्जखात्यात जाते. कर्जाची बाकी विमामूल्याहून अधिक असेल तर वाहन गेल्यावरही हप्ते चालू राहतात. कर्ज फिटल्यावर ना-हरकत पत्र घेऊन आरसी आणि पॉलिसी दोन्हींवरील बोजा उतरवणे विसरू नये. हप्ता चेकने भरला असेल तर तो वटल्याची खात्री करावी. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही.

जुनी कॅराव्हॅन विकत घेतली तर हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. विकणाऱ्याचा बोनस वाहनाबरोबर येत नाही; तो त्याच्याकडेच राहतो आणि त्याच वर्गातील दुसऱ्या वाहनाला लागू होतो. मालकाचे निधन झाल्यास पॉलिसी मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंत, वारसांसाठी चालू राहते. आजोबांच्या नावावरील वाहन वर्षानुवर्षे तसेच फिरवणाऱ्या घरांनी ही मुदत ध्यानात ठेवावी.

दावा करताना

अपघात झाल्यास जखमींना उपचार, पोलिसांना खबर आणि कंपनीला सूचना हा क्रम असावा. चोरी झाल्यास प्रथम माहिती अहवाल त्वरित नोंदवावा. तुळिंज पोलीस ठाण्याच्या हद्दीत घटना घडली असेल तर तेथेच. सर्व्हेअर येण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये आणि त्याला दिलेली प्रत्येक माहिती खरी असावी. वाहन कोण चालवत होते, हे बदलून सांगण्याचा सल्ला देणारे अनेक हितचिंतक अशा वेळी भेटतात. त्या एका असत्याने योग्य दावाही कोसळतो.

दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. व्यक्ती, एकल मालकीची दुकाने आणि सूक्ष्म उद्योग यांना ही वाट खुली आहे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो. विमा नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा मदत क्रमांकही आहे.

कॅराव्हॅन घेतलेल्या किंवा घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने एका संध्याकाळी आरसी, विमापत्र, खरेदीची बिले आणि चालकाचा परवाना शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. वर्ग, मालकाचे नाव, वापर आणि मूल्य या चार गोष्टी सर्व कागदांवर जुळतात का, हे दुकानाचे स्टॉक रजिस्टर जुळवावे तसे पाहावे. जेथे जुळत नसेल तेथे एजंटच्या तोंडी आश्वासनावर न थांबता कंपनीकडून लेखी दुरुस्ती, म्हणजे एन्डॉर्समेंट, करून घ्यावी. या कामाला अर्धा तास पुरतो. कार्तिकी पौर्णिमेला वाहन बाहेर काढण्याच्या दिवसापर्यंत ते थांबवू नये; पहिला पाऊस त्याच्या कितीतरी आधी तुळिंजला येतो.